काळ्या पट्टीतले सूर्य

“दगडाला तहानलेलं ठेवू नये.”

सराफांचं हे वाक्य गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. सकाळी चहाचा कप उचलताना ते म्हणायचे, नव्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, कुणी हवापाण्याचं विचारलं तरी फिरून तिथेच यायचे. त्यांची बायको म्हणायची, “मला कधी पेलाभर पाणी विचारलं नाहीत, आणि दगडाच्या घशाची काळजी!”

सराफ हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि धंदाही नव्हता. घरात सोनं म्हणाल तर बायकोच्या कानांत होतं तेवढंच. एकेचाळीस वर्षं त्यांनी पाट्यांच्या खाणीत दगड फोडला. खालून काळा-करडा दगड वर यायचा, पुस्तकासारखा पानापानांचा, आणि शेडमध्ये बुटक्या स्टुलांवर बसलेली माणसं त्याची पानं सुटी करायची. जाड पानं घरांच्या छपरांवर जायची, पातळ पानं शाळेतल्या मुलांच्या हातात. रुंद छिन्नी दगडाच्या काठावर टेकवायची, लाकडी हातोड्याने हलकेच ठोकायचं, छिन्नी जराशी कलती करायची, की दगड सुस्कारा सोडल्यासारखा उघडायचा. पण हे सगळं दगड ओला असेपर्यंत. चार दिवस उन्हात पडला की त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं. मग पानं सुटत नाहीत, नुसते तुकडे पडतात. म्हणून शेडमध्ये दगडांवर ओलं गोणपाट असायचं आणि त्या गोणपाटावर दिवसातून तीनदा पाणी. सराफांचं वाक्य तिथलं. तिथे ते खरंच होतं. चुकलं ते घरी आल्यावर.

त्या दगडात मधूनच पितळी लागायची. पितळी म्हणजे पितळेच्या रंगाचा, चकचकीत, हातात घेतला तर भलताच जड लागणारा खडा. शिकलेली माणसं त्याला पायराइट म्हणतात; लोखंड आणि गंधक एकमेकांत मुरून तो होतो. दोन खडे एकमेकांवर आपटले तर ठिणगी उडायची आणि काडेपेटीचा वास सुटायचा. खाणीच्या वरच्या पायऱ्यांवर पितळी फाशांसारखी सापडायची. सहा बाजू, धारदार कोपरे, कुणीतरी कानशीने घासून जमिनीत पुरून ठेवल्यासारखी. बघणाऱ्याला कौतुक वाटायचं, पण खाणीचा तिच्यावर राग होता. छपरावरच्या पाटीत एखादा फासा राहून गेला तर पावसाने तो गंजतो, गळून पडतो, आणि पाटीला चौकोनी भोक पाडून जातो. ते भोकही नेमकं अंथरुणाच्या वर. त्यामुळे पितळी लागलेली पाटी दिसली की बाजूला भिरकावून द्यायची, असा मुकादमाचा हुकूम होता. सगळे भिरकावायचे. एकटे सराफ वाकून उचलायचे. मुकादमानेच त्यांना ते नाव दिलं. “काय सराफ, आज किती तोळे?” असं तो शेडच्या या टोकाकडून त्या टोकाकडे ओरडायचा आणि चाळीस हातोडे हसण्यासाठी क्षणभर थांबायचे.

फासे कुणालाही मिळायचे. गावातल्या मुलांच्या खिशांना भोकं पडायची ती फाशांनीच. पण खाणीच्या तळाशी, पाचव्या पायरीवर, उत्तरेच्या भिंतीत दोन वीत जाडीची एक काळी पट्टी होती. शाईसारखी काळी. त्या पट्टीतली पितळी वेगळी. दगडाच्या पानांमध्ये दबून ती चपटी झालेली असायची, बिस्किटासारखी गोल, आणि मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत तिला किरण असायचे. सराफ त्यांना सूर्य म्हणायचे. वर्षातून एखादा सापडे, कधी दोन वर्षं एकही नाही. एकेचाळीस वर्षांत एकतीस सूर्य जमले.

त्यांची लेक, घरातली धाकटी, लहान होती तेव्हा रविवारची वाट बघायची ती या सूर्यांसाठी. सकाळी सराफ न्हाणीघराच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढून बाहेर आणत. गोणपाट उलगडत. एकेक सूर्य पाण्याच्या टोपात बुडवून उंबऱ्यावर मांडत. कोरडा असताना मळकट दिसणारा खडा ओला झाला की असा पेटायचा की धाकटीचे डोळे दिपायचे. शेजारपाजारचे लोक चहाचे कप घेऊन बघायला यायचे. सराफ प्रत्येकाची हकीकत सांगायचे. हा सापडला तेव्हा थोरल्याला गोवर आला होता. हा सापडला त्या दिवशी मुकादमाची टोपी वाऱ्याने खाली तळात गेली. हा दोघांनी मिळून फोडला, म्हणून काठाला जरा टवका आहे, दुसऱ्याला शिंक आली. ऊन उंबऱ्यावरून सरकलं की पुन्हा सगळे सूर्य गोणपाटात, गोणपाट पेटीत, आणि पेटी कोपऱ्यात.

“पाणी घाल गं,” सराफ म्हणायचे.

ते काम धाकटीचं. तांब्याभर पाणी घालायचं, गोणपाटाची एकही घडी कोरडी राहणार नाही अशा बेताने. तिला त्या कामाचा कोण अभिमान होता! शाळेतल्या मैत्रिणींना ती सांगायची, “मला आज लवकर जायचंय, आमचे सूर्य तहानले असतील.”

आई मात्र कुरकुरायची. न्हाणीघरात सारखा जळक्या काडीचा वास येतो. पेटीचं बूड गंजलं. शेजारी वाळत घातलेल्या टॉवेलला भोकं पडली.

“दगड श्वास घेतोय,” सराफ म्हणायचे.

“घेऊ दे. पण माझ्या टॉवेलवर कशाला?”

कधी एखाद्या सूर्यावर पांढुरकी बुरशी धरल्यासारखं दिसायचं. सराफ जुन्या दात घासायच्या ब्रशने ती खरवडून काढायचे आणि म्हणायचे, पाणी कमी पडलं. मग त्या आठवड्यात दोन तांबे.

असे किती रविवार गेले. थोरला दूरच्या शहरात नोकरीला गेला. धाकटीचं लग्न झालं, पण घर दोन गल्ल्या पलीकडेच मिळालं. ती कापडाच्या दुकानात कापड मोजून देऊ लागली, तिची मुलं मोठी झाली, तरी ती धाकटीच राहिली. पाट्यांऐवजी छपरांवर पत्रे आले, शाळेत वह्या आल्या. एक दिवस खाणीचा भोंगा शेवटचा वाजला. सराफ छिन्नी कागदात गुंडाळून घरी घेऊन आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी पेटी उघडली नाही. डोळ्यांवर सारा येऊन अंधुक दिसू लागलं होतं हे एक कारण. दुसरं कारण धाकटीला ठाऊक होतं: सूर्य मांडायचे तर हकीकती सांगाव्या लागणार, आणि हकीकतीतली निम्मी माणसं आता नव्हती. सहा वर्षं गेली. पण दर रविवारी धाकटी आली की खुर्चीतून आवाज यायचा, “पाणी घाल गं.” ती झाकण किलकिलं करून वरूनच तांब्याभर पाणी ओतायची आणि झाकण लावायची.

मग एके दिवशी बाई आल्या.

गावच्या जुन्या शाळेत खाणीची आठवण म्हणून एक दालन उभं राहत होतं. त्याचं काम बघणाऱ्या या बाई, चाळिशीच्या, खांद्याला मोठी पिशवी, बोलायला मोकळ्या. त्यांनी छिन्न्या जमवल्या होत्या, भोंगा मिळवला होता, मुकादमाचा खडूने लिहायचा फळाही मिळवला होता. पण एक गोष्ट नव्हती.

“काका, काळ्या पट्टीतला सूर्य हवाय,” त्या म्हणाल्या. “एका मोठ्या संग्रहात असा एक आहे म्हणे. पण त्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पाट्यांची खाण’ एवढंच लिहिलंय. कुठली खाण, कुठली पायरी, कुणी काढला, काही नाही. जागा माहीत नसलेला दगड म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. आणि खाण बंद झाल्यावरही पाणी उपसणारे पंप दोन महिन्यांपूर्वी थांबलेत. पाणी रोज चढतंय. आठवड्याभरात ती पट्टी पाण्याखाली जाईल. मग इथे सूर्य सापडायचे हे फक्त लोकांच्या तोंडी राहील.”

सराफ खुर्चीत ताठ बसले. सहा वर्षांत धाकटीने त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“एक हवाय?” ते म्हणाले. “माझ्याकडे एकतीस आहेत. प्रत्येकाची पायरी सांगतो, भिंत सांगतो, वार सांगतो. काढ गं पेटी.”

धाकटीने पेटी ओढली तेव्हा तिचं बूड जागच्या जागी राहिलं आणि वरचा सांगाडा हातात आला. आतलं गोणपाट बोट लावताच राखेसारखं विरलं. त्याखाली पिवळट-पांढरी भुकटी होती, मध्येमध्ये हिरवट खडे, आणि तो काडेपेटीचा वास, नाक झोंबेल इतका. एकही सूर्य नव्हता. एकाचा अर्धा काठ दिसत होता. धाकटीने तो उचलायला हात पुढे केला.

“नको, नको,” बाई घाईने म्हणाल्या. “हात भाजेल. आम्लं आहेत त्यात.”

“काय झालं?” सराफांनी विचारलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. “गप्प का सगळे?”

शेवटी आई म्हणाली, “अहो, पीठ झालंय.”

बाई हळू आवाजात सांगू लागल्या. ही पितळी हवेत आणि ओलीत राहिली की आतून कुजते. फासे बरेचदा टिकतात, पण हे चपटे सूर्य नाजूक. कोरडे ठेवले तर टिकतात. मग सराफांच्या चेहऱ्याकडे बघून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “हवाच दमट असते हो इकडची. कुणाकडेही झालं असतं.”

ही पळवाट होती. धाकटीला वाटलं, घ्यावी बाबांनी. आईनेही टॉवेलांचा विषय गिळला.

“हवा नव्हे,” सराफ म्हणाले. “पाणी घालत होतो. दर आठवड्याला. चाळीस वर्षं.”

“मी घालत होते,” धाकटी म्हणाली.

“सांगत कोण होतं?”

बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या निघून गेल्या.

तीन दिवस सराफ खुर्चीतून उठले नाहीत. जेवायला बसले तर घास हातात तसाच राहायचा. ज्याच्या हातून एवढ्या वर्षांत एक चांगली पाटी फुकट गेली नाही, त्याने जपून जपून एकतीस सूर्य मारले होते. आई म्हणाली, “दगडच होते ना शेवटी?” पण तिलाही ते पटलं नव्हतं, रात्रीचं स्वयंपाकघर आवरताना तिने दोनदा डोळे पुसले होते.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटी दुकानात निघाली होती, तर सराफ तिच्या दारात. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, काखेत कागदात गुंडाळलेली छिन्नी, हातातल्या पिशवीत हातोडा आणि पाचरी.

“पाणी कुठवर आलंय?” त्यांनी विचारलं.

“बाबा, तुम्ही खाली उतरणार?”

“मी उतरणार. बघणार तू. बाईंनाही बोलावून घे.”

खाणीच्या फाटकाची किल्ली जुन्या मुकादमाकडे होती. तोही आता काठी टेकत चालायचा, पण जीभ तशीच.

“काय सराफ, दुकान उघडायला आलास? सहा वर्षांनी?”

“आधी फाटक तर उघड. बडबड नंतर कर.”

“पाणी पाचव्या पायरीवर चढलंय. आज पट्टी दिसतेय, उद्याचं मी सांगत नाही. घसरलास तर मला बोलवू नकोस, मला पोहता येत नाही.”

“तुला कामही येत नव्हतं, तरी मुकादम झालासच ना?”

मुकादम खो खो हसला आणि त्यांच्या मागे पायऱ्या उतरू लागला. खाणीच्या पायऱ्या म्हणजे माणसाच्या उंचीचे टप्पे, कडेने कापलेली अरुंद वाट. धाकटीने बाबांचा दंड धरला होता, पण तिला लवकरच कळलं की खरं तर त्यांनीच तिला धरलं आहे. डोळ्यांना दिसत नसलं तरी पावलांना सगळं आठवत होतं. कुठे खळगा, कुठे लोखंडी कडी, कुठे वाकायचं. “इथे डोकं सांभाळ,” ते म्हणायचे, आणि बरोबर तिथे दगड पुढे आलेला असायचा.

खाली पाणी हिरवं, स्थिर होतं. काळी पट्टी पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उरली होती. सराफ गुडघ्यांवर बसले. हातोड्याच्या दांड्याने त्यांनी भिंत ठोकायला सुरुवात केली, एक पाऊल, दोन पावलं, मान कलती करून. कोपऱ्यापासून अकराव्या पावलावर ते थांबले. पुन्हा ठोकलं. बाईंना काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मुकादमाने मात्र मान हलवली.

“इथे आवाज बसलाय,” सराफ म्हणाले. “काय दिसतंय गं?”

धाकटी वाकली. काळं, नुसतं काळं. मग पट्टीच्या वरच्या काठाखाली तिला एक रेघ दिसली, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, पिवळी.

“दोरा आहे, बाबा. बोटभर लांब.”

“सूर्याची कड.”

अर्धा तास लागला. धाकटीने बोट धरून दाखवलेल्या रेघेच्या वर-खाली चार बोटं दगड सोडून त्यांनी पाचरी ठोकल्या आणि ताटाएवढी लादी भिंतीतून अलगद सुटून त्यांच्या मांडीवर आली. बाई म्हणाल्या, “काका, अशीच द्या. उघडायचं काम तिकडे करू, यंत्रावर.”

“यंत्राला काय कळणार ती कुठे सुटते ते?” सराफ म्हणाले. पण त्यांनी छिन्नी काठावर टेकवली, उचलली, पुन्हा जरा वर टेकवली. रेघ त्यांना दिसत नव्हती. एक ठोका जरी चुकला असता तरी सूर्याचे दोन तुकडे झाले असते, आणि दुसरा शोधायला पाण्याने वेळ दिला नसता. त्यांनी छिन्नी खाली घेतली.

“तू धर,” ते धाकटीला म्हणाले.

“मी? मी फक्त टाकाऊ तुकडे फोडलेत, तेही लहानपणी.”

“रेघेच्या एक केसभर वर ठेव. ठोकायचं मी बघतो. हात सैल सोड. कापड मोजतेस ना? तसाच.”

तिने छिन्नी ठेवली. त्यांनी बोटांनी चाचपून छिन्नीचं डोकं शोधलं आणि ठोकलं. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा इतकं हलकं की मुकादमानेही श्वास रोखून धरला. लादी उघडली.

सूर्य तळहाताएवढा होता. मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत किरण, एकही तुटलेला नाही. त्या खोल, सावलीतल्या जागी तो मंद, मळकट दिसत होता. सराफांनी बोटाने किरण मोजत काठ फिरून बघितला. मग नकळत, इतक्या वर्षांच्या सवयीने, लादी धरलेले त्यांचे हात पाण्याकडे वळले. ओला केला की पेटतो, हे त्या हातांना माहीत होतं. लादी पाण्यापासून चार बोटांवर गेली. हात तिथेच थांबले. मग सराफांनी लादी पोटाशी घेतली, शर्टाचं टोक बाहेर काढलं आणि दगडावरची ओल टिपू लागले, कडेकडेने, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी.

बाईंनी लादी कोरड्या कागदात गुंडाळली, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून डब्यात ठेवली आणि वही काढली.

“पाचवी पायरी,” सराफ सांगू लागले. “उत्तरेची भिंत. कोपऱ्यापासून अकरा पावलं, माझी पावलं. पट्टीच्या वरच्या काठापासून चार बोटं खाली. शनिवार.”

“सापडला कुणाला म्हणून लिहू? तुम्हाला?”

“मला दिसलाच नाही, तर सापडेल कसा? हिला सापडला.”

“बाबा, आवाज तुम्हीच ऐकलात.”

“मग दोघांची नावं लिहा. आणि ह्या मुकादमाचं नको. त्याने फक्त श्वास रोखला.”

“किल्ली कुणाची होती?” मुकादम म्हणाला.

बाई हसत लिहीत होत्या. सराफ उठून उभे राहिले, छिन्नी पुसली आणि म्हणाले, “बाई, घरची ती भुकटीही घेऊन जा. काचेच्या बरणीत घालून ह्याच्या शेजारी ठेवा. चिठ्ठीवर लिहा, एकतीस होते, मालकाने पाणी घालून घालवले. कुणाच्या घरात अजून एखादा गोणपाटात असेल, तर तो वाचून घरी जाऊन बाहेर काढेल.”

“तुमचं नाव घालून लिहू?”

“नाहीतर कुणाचं?”

एवढं बोलून ते निघाले. दंड धरू दिला नाही. छिन्नी काखेत, डावा हात भिंतीवर, एकेक टप्पा चढत. मुकादम मागून काहीतरी टोचून बोलत होता आणि ते मान न वळवता उत्तर देत होते. शब्द कळत नव्हते, दोन म्हाताऱ्यांचे आवाज तेवढे भिंतींना लागून खाली येत होते. धाकटी पाण्याच्या काठावर उभी राहून बघत होती, शेजारी बाई डबा छातीशी धरून. तिसऱ्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले. मग वरच्या वळणाशी त्यांचा पांढरा शर्ट उन्हात आला, ज्याचं पुढचं टोक ओलं आणि बाहेर लोंबत होतं, आणि ते फाटकाबाहेर गेले.